दुपारचा पहारा

गूढानुभव या विषयावर मी इतकी वर्षं बोलतो आहे की, तो मला स्वतःला कधी आलेला नाही हे माझ्याही लक्षात राहत नाही. पिंपरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवतो. वर्गात मुलं बाकाखाली मोबाइल धरून रील बघतात, त्यामुळे माझी बोलायची भूक भागते ती व्याख्यानांवर. वाचनालयाचा वर्धापनदिन असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो, गणपतीतली व्याख्यानमाला असो. जिथे सतरंजी तिथे मी. विषय ठरलेला : साहित्यातला, इतिहासातला आणि समाजातला गूढवाद. 'त्या अनुभवापुढे शब्द संपतात' असं म्हणून मी डोळे मिटतो, क्षणभर थांबतो आणि पुढे तासभर बोलतो.

घरी याच विषयावरच्या माझ्या पुस्तकाचं बाड आहे. ते दरवर्षी वाढतं आणि कधीच संपत नाही. बायको म्हणते, पोहता न येणाऱ्या माणसानं विहिरीवर लिहिलेलं पुस्तक आहे हे. तिला वाचून दाखवलं की ती झोपते, आणि तिला झोप येत नसली की स्वतःहून म्हणते, "वाचा हो थोडं."

प्रयत्न केला नाही असं नाही. कासारवाडीत रेल्वेलाइनीजवळ भाड्यानं राहत होतो तेव्हा मी पहाटे उठून ध्यानाला बसायचो. एकदा आत कुठेतरी गंभीर, अखंड असा गुणगुणाट ऐकू आला. अंगावर काटा आला. ग्रंथांमधून वाचलेला अनाहत नाद तो हाच, अशी खात्रीच झाली. डोळ्यांत पाणी आणून मी तो नाद ऐकत बसलो. मग तो एकदम थांबला आणि जिन्यातून घरमालकीण ओरडली, "बंद केली गं मोटार, टाकी भरली!"

तिथून आम्ही संत तुकाराम नगरात गेलो आणि शेवटी कर्ज काढून चऱ्होलीत फ्लॅट घेतला. आमची इमारत ज्या मळ्यावर उभी आहे तो मळा आण्णांचा. सगळं गावच त्यांना आण्णा म्हणतं. जुनं बागायतदार घराणं. आता मळ्याच्या जागी इमारती, रस्त्याला लागून गाळे, मागे कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या आणि दारात उंच पांढरी गाडी. माणूस माळकरी, पण जमिनीच्या एजंटाशी फोनवर बोलायला लागला की गळ्यातली माळही कानांवर हात ठेवेल. मी त्यांना साधुपुरुषांच्या यादीत कधीच घातलं नव्हतं. माझ्या बाडातले साधुपुरुष सगळे बारीक अंगकाठीचे आणि मऊ बोलणारे आहेत.

गावठाणातल्या विठोबाच्या देवळात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस, रात्रंदिवस नाम चालू. त्यातला एक नियम फार कडक आहे : वीणा खाली टेकवायची नाही. गळ्यात वीणा घेऊन कुणीतरी उभं असतंच. त्याचा पहारा संपायला आला की पुढचा माणूस येतो, वाकतो, पहिला आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मग मालक भाडेकरूच्या पाया पडतो, थोरला धाकट्याच्या. चाकणच्या कंपन्यांत काम करणारी पोरं या पहाऱ्याला सरळ शिफ्ट म्हणतात आणि पुढच्या माणसाला रिलिव्हर.

दुपारचा पहारा पिढीजात आण्णांच्या घरचा. आधी त्यांच्या वडिलांचा, मग त्यांचा. जेवणं झालेली असतात, गाव पेंगत असतं, देवळात चिटपाखरू नसतं, म्हणून हा पहारा दुसरं कुणी मागतही नाही. या वर्षी मात्र आण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पडलात तर पुन्हा टेबलावर, आणि या वयात दुसऱ्यांदा टेबलावर जाणं मला बघवणार नाही. देवळात यायला परवानगी मिळाली ती खुर्चीत बसून राहायच्या अटीवर.

मग आण्णांना माझी आठवण झाली. गेल्या गणपतीत सोसायटीत त्यांनी माझं व्याख्यान ऐकलं होतं. ते वॉकर टेकत आमच्या दारात आले आणि म्हणाले, "सर, तुमी नामावर लई ग्वाड बोलता. आता दुपारचं उभं ऱ्हावा माझ्या जागी. येवढा सप्ताह निभवा."

मी नम्रपणे "माझी कुठे योग्यता" वगैरे म्हणालो, पण आतून फुलून गेलो होतो. शांत दुपार, रिकामं देऊळ, हातात वीणा, मुखात नाम. इतक्या वर्षांची प्रतीक्षा संपणार ती इथेच, असं मला वाटलं. बायको म्हणाली, "तुम्हाला बँकेच्या रांगेत उभं राहता येत नाही." मी तिच्याकडे करुणेनं पाहिलं. संध्याकाळी जाऊन नवा पांढरा झब्बा घेऊन आलो.

आण्णांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो, देवळामागच्या मांडवात सप्ताहाचा सगळा स्वयंपाक बघत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, आण्णांना उठू द्यायचं नाही. काही झालं तरी. तुमच्या भरवशावर त्यांना इथे बसवतेय."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो. त्या क्षणी मी एका बाजूनं देवाचा आणि दुसऱ्या बाजूनं आण्णांच्या खुब्याचा रखवालदार झालो होतो, पण हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी अनुभवाची वाट बघण्यात दंग होतो.

पहिले काही दिवस अनुभव आला तो पिंढऱ्यांना. नाम म्हणता म्हणता मन एकाग्र होतं असं मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. माझं मन एकाग्र झालं ते समोरच्या भिंतीवरच्या पालीवर. ती पंख्याच्या बाजूला जाईल की घड्याळाच्या, यात मी इतका गुंतायचो की नाम आपोआप चालू राहायचं. हीच ती अजपा अवस्था असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शेवटून दुसऱ्या दिवशी मात्र वातावरण जमून आलं. दुपारच्या पंगतीला कुणा दात्याची पुरणपोळी होती आणि मठ्ठा इतका झकास झाला होता की मी वाढणाऱ्याला नाही म्हणालोच नाही. मला साखर आहे, म्हणजे रक्तात. त्यामुळे पुरणपोळी अर्धीच खाल्ली आणि त्याची भरपाई मठ्ठ्यानं केली. मग वीणा गळ्यात घेतली. आण्णांचा मुलगा आणि बाकीची माणसं कीर्तनकार महाराजांना आणायला आणि पाण्याच्या टँकरच्या मागे गेली होती. आण्णा खांबाजवळ खुर्चीत बसून पेंगत होते. ऊन, गारवा धरलेली फरशी, उदबत्तीचा वास. मी डोळे मिटले. नाम लयीत आलं. आणि काय सांगू, खरोखरच कमरेच्या जरा खाली काहीतरी थरथरलं. एक स्पंदन, थांबून थांबून, वर चढल्यासारखं.

"सर, फोन वाजतोय तुमचा," आण्णा म्हणाले.

माझा एक हात तारेवर, दुसऱ्यात चिपळी. आण्णांनी खुर्ची सरकवून माझ्या झब्ब्याच्या खिशातून फोन काढला आणि स्पीकर लावला. माझ्यानंतर पहारा घेणारा भाडेकरू बोलत होता. बीडकडचा पोरगा, चाकणला एका कंपनीत मशीनवर ऑपरेटर. पहिली शिफ्ट सुटली की तो थेट देवळात यायचा.

"सर, निघायलोच होतो बघा," तो म्हणाला, "पण माझा रिलिव्हरच आला नाही आज. मशीन चालू सोडून येता येईना. सुपरवायझर म्हणतोय, दुसरा माणूस बघतो, तवर थांब. थांबा की सर जरा."

मी नामातूनच मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं. आण्णांनीच "बरं बरं, ये सावकाश" म्हणून फोन बंद केला. आणि नेमक्या त्याच वेळी, ज्यानं इतका वेळ दडी मारली होती, त्या मठ्ठ्यानं आपलं अस्तित्व जाणवून दिलं.

साखर असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इतरांना सांगून कळत नाही. हा अनुभव खरोखर शब्दांच्या पलीकडचा आहे. मी आधी पायावर पाय चढवला. मग नामाची लय वाढवली. मग कमी केली. पालीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. मोकळं होण्याची सोय शाळेच्या आवारात, देवळाच्या मागे. पुरुषमाणूस दिसेना. मांडवात बायका होत्या, पण आमच्या देवळात बायका वीणा घेत नाहीत, त्यामुळे त्यांना हाक मारायचं माझ्या मनातही आलं नाही.

समोर एक रिकामी खुर्ची होती. प्लास्टिकची, स्वच्छ पुसलेली. वीणा तिच्यावर ठेवली तर ती जमिनीला लागली असं कुठे होतं? शिवाय माझ्या बाडात बाह्य उपचारांवर आख्खं प्रकरण आहे. देव काही लाकडात आणि तारेत अडकलेला नाही, खऱ्या अनुभवाला साधनांची गरज उरत नाही, असं मी त्यात ठणकावून मांडलं आहे. आता त्या प्रकरणातलं एकेक वाक्य माझ्या मदतीला धावून आलं. इतकी वर्षं अभ्यास केल्याचं चीज झालं असं मला वाटलं. मी दोन नामांमध्ये फट काढली आणि म्हणालो, "आण्णा, तत्त्वतः पाहिलं तर वीणा हे केवळ एक प्रतीक आहे. म्हणजे मूळ भावना जर..."

"लघवीला जायचंय का, सर?" आण्णांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग आसं सरळ बोला की." त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि उठायला लागले.

"नाही नाही, आण्णा! वहिनींनी मला..."

"मग काय करता? खुर्चीवं ठिवता?" त्यांनी माझी नजर कुठे गेली होती ते पाहिलं होतं. ते रागावले नव्हते. आवाज खाली आला होता. "सर, मळा इकला. बैलं इकली. हिरीवर बिल्डिंग उभी ऱ्हायली, तीबी म्याच इकून. माझ्या बापानं मरताना येवढंच सांगितलं, सप्ताहात ही खाली टेकू देऊ नगं. येवढं एकच हाय जे म्या इकलं न्हाई. द्या हिकडं."

माझं सगळं प्रकरण तिथेच मिटलं. खुर्चीवर ठेवणं तर मला आता शक्यच नव्हतं. आणि त्यांना उभं करणं म्हणजे वहिनींना दिलेला शब्द मोडणं होतं. मला भीती वाटत होती, खरीखुरी. ते पडले तर काय, हा विचार मी केला. आणि तो करत असताना मठ्ठ्यानं निर्णय घेऊन टाकला. मी त्यांना खांबाला पाठ टेकवून उभं केलं, वीणा त्यांच्या गळ्यात घातली, घाईघाईनं पायांना हात लावला आणि झब्बा वर धरून पळत सुटलो. गूढवादाच्या इतिहासात देवळातून इतक्या वेगानं कुणी बाहेर पडल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

परत आलो आणि दारातच थांबलो. आण्णा खांब सोडून पुढे आले होते. वॉकर बाजूला पडला होता. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी, बोट तारेवर आणि तोंडात नाम. आवाज खरबरीत, त्यात सूर म्हणावा असा काही नाही. एजंटाला शिव्या देणारा तोच आवाज. पण चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. त्यावरून काळजी, हिशेबीपणा, दुखणं, सगळं उतरलं होतं. मी ज्याचं वर्णन करत आयुष्य घालवलं ते माझ्यासमोर उभं होतं, आणि मला पहिला विचार सुचला तो असा, की हे कुठल्या प्रकरणात घालावं. अशा माणसाचं काही होऊ शकत नाही.

मी जवळ जाऊन हात पुढे केले. त्यांना पत्ताच नव्हता. मग त्यांचा पाय लटपटायला लागला, आधी गुडघ्यात, मग वर. मी वळसा घालून मागे धावलो आणि दोन्ही काखांत हात घालून त्यांना धरलं. शंभर किलोच्या आसपासचा गडी. सगळा भार माझ्यावर आला. ते मात्र म्हणतच होते. त्यांच्या पाठीतून तारेची थरथर माझ्या छातीत येत होती. या वेळी खिशात फोन नव्हता; तो खुर्चीवर पडला होता. आता माझे हात आण्णांत अडकलेले, आण्णांचे वीणेत. सोडलं तर माणूस जातो, नाही सोडलं तर किती वेळ धरणार? माझी कंबर तर आधीच कुरकुरायला लागली होती. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन वहिनी आल्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि किटली तिथेच ठेवली.

"सर! काय सांगितलं होतं मी तुम्हाला? एक काम सांगितलं होतं!"

"वहिनी, ते मी..."

"काही बोलू नका." त्यांनी पायानं खुर्ची ओढून आण्णांच्या मागे आणली. माझा फोन खाली पडला, तो पडू दिला. "बसवा त्यांना आधी."

"आणि वीणा?" मी म्हणालो.

देवळात आम्ही तिघंच होतो. मोकळे हात एकाच माणसाचे होते. वहिनींच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं. आण्णांच्याही आलं असावं, कारण त्यांनी डोळे उघडले होते. नाम थांबलं नव्हतं. वहिनींनी पदराला हात पुसले, खूप वेळ पुसले, कणीक कधीच निघून गेली होती तरी. त्या आण्णांकडे बघत होत्या. आण्णा त्यांच्याकडे बघत होते. मग त्या वाकल्या, पुढचा पहारेकरी वाकतो तशाच. आण्णांनी मान खाली घातली आणि त्यांनी वीणा काढून आपल्या गळ्यात घेतली.

आण्णांच्या तोंडातलं नाम जिथे होतं तिथूनच त्यांनी उचललं. तार हलली. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी मागच्या मांडवात, कढईच्या आवाजात, त्या हे ऐकत आल्या होत्या.

मी आण्णांना खुर्चीत बसवलं, दम घेतला आणि ताबडतोब हात पुढे केले. "द्या वहिनी, द्या आता माझ्याकडे." कुणी येऊन पाहिलं तर काय म्हणेल, ही घाई मला झाली होती. मला! माझ्या बाडात स्त्रियांच्या आध्यात्मिक अनुभवावर सर्वांत मोठं प्रकरण आहे. समाजानं त्यांना गाभाऱ्याबाहेर कसं ठेवलं, हे सांगताना व्याख्यानात माझा आवाज भरून येतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

"थांबा की, सर," वहिनी दोन नामांमध्ये म्हणाल्या. "आत्ता तर घेतलीय."

मी हात मागे घेतले. आण्णा खुर्चीत धापा टाकत होते. ते पुढे झुकले आणि कळ येऊन पुन्हा मागे टेकले. पुन्हा झुकायला गेले.

"आण्णा, वाकायचं नाही तुम्ही," मी म्हणालो.

"नेम हाय, सर. ज्यानं वीणा दिली त्यानंबी पाया पडायचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझा हात पोचंना. तुमी पडा माझ्यावतीनं."

मी गुडघ्यावर बसलो आणि वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं. टाचांना भेगा होत्या आणि बोटांवर पीठ सांडलेलं होतं. त्यांचे पाय कापत होते. वर आवाज मात्र स्थिर होता. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, पण मला उठावंसं वाटेना, आणि मी रडत होतो हे मी कबूल करतो.

थोड्या वेळानं तो ऑपरेटर आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, पाय धुतलेले. "सॉरी सर, लई उशीर झाला," असं म्हणत तो वर पाहतो तो वहिनी. तो गोंधळला, पण सवयीनं त्यांच्यासमोर वाकला आणि मान पुढे करून उभा राहिला. वहिनींनी डोळे उघडले. बोट तारेवरच होतं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"बस रं खाली," आण्णा त्याला म्हणाले. "तिचा पहारा हाय."